कांदेकाकूंचा वाफा

कांदेकाकू कांदा खात नसत. वास सहन होत नाही म्हणायच्या. आणि कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत, दिवसभर ऊन असणाऱ्या पट्ट्यात, दरवर्षी हौसेने कांदेच लावायच्या. फुलांसाठी. कुणी हसलं तर विचारायच्या, "गुलाब काय तुम्ही फोडणीला घालता?"

कांदे आमचेच. इमारतीतली बरीच घरं चातुर्मास पाळणारी. कांदेनवमीला भजी उरकली, की टोपलीत उरलेले कांदे काकू गोळा करत, पावसाळाभर टांगून ठेवत आणि दिवाळीनंतर कोंब आलेले मातीत लावत. प्रत्येकाशेजारी आइस्क्रीमची काडी, काडीवर फ्लॅटचा नंबर. सदाफुली, तुळस, गवती चहा तिथे बारा महिने असायचेच. पण माघात उंच दांड्यांवर कांद्याचे पांढरे गोल गोंडे डोलू लागले, की मधमाश्या आणि शेजारी एकदमच येत. मधमाश्या मधासाठी, शेजारी आपला नंबर शोधायला.

"आमचाच एवढासा का?" मी एकदा विचारलं.

"चांगले तुम्ही खाता, मला बारक्या चिंगळ्या देता. आणखी काय होणार?"

मग हिंजवडीच्या नोकऱ्या आल्या, पाठोपाठ गाड्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सौरभने नवी गाडी घेतली आणि वाफ्याच्या जागी फरशी घालून पार्किंग करावं, असा अर्ज दिला. मी सेक्रेटरी. टेप लावून पाहिली, दोन गाड्या व्यवस्थित मावत होत्या. विषय सभेत घेतला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "करा की. फक्त ज्याने त्याने आपापला कांदा उपटून न्या. दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही."

सभा उठून वाफ्यापाशी गेली. ऐन बहराचे दिवस. पहिला वाकला सौरभ, आणि नेमका त्याच्याच नंबरचा गोंडा सगळ्यांत मोठा निघाला. त्यावर मधमाश्या लगडलेल्या. त्याने हात मागे घेतला.

"अरे, आपला आहे तो," मागून त्याची आई म्हणाली. "फुललेला उपटतोस?"

सौरभने इकडेतिकडे पाहिलं. "काकू, होळीनंतर बघू."

"बघू की. तोवर बी धरेल."

होळीनंतर कुणी काही पाहिलं नाही. पुढच्या माघात विषय पुन्हा आला, पुन्हा होळीनंतरवर गेला. दरम्यान सौरभ कंपनीच्या कामाला हॉलंडला जाऊन शोभेच्या जांभळ्या कांद्यांचे गड्डे घेऊन आला. ते उगवलेच नाहीत.

"यांना कडाक्याची थंडी लागते म्हणे, काकू."

"मग तिथे सुखात होते बिचारे. कशाला आणलेस?" काकू म्हणाल्या, पण रिकाम्या जागेवरची त्याच्या नंबरची काडी त्यांनी वर्षभर काढली नाही.

गेल्या पावसाळ्यात गुडघे ऐकेनासे झाले आणि काकू लेकीकडे नाशिकला गेल्या. वाफा आता सौरभ बघतो. माघात मी नेहमीप्रमाणे फिरून नंबर तपासत होते, तेव्हा कडेला एक नवी काडी दिसली. काकूंच्या फ्लॅटची. त्या कांदा खात नसल्यामुळे इतक्या वर्षांत त्यांचा नंबर वाफ्यात कधी लागलाच नव्हता.

सौरभ पलीकडे पाणी घालत होता. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

"माझा? कुणी लावला?"

"सौरभने."

"फुललाय का?"

"चांगला मुठीएवढा. मधमाश्या बसल्यात."

काकू म्हणाल्या, "आणि त्याच्या पार्किंगचं काय?"

मी फोन सौरभच्या हातात दिला.

"काकू," तो म्हणाला, "होळीनंतर बघू."