आईच्या अक्षरातला पत्ता

पिशोरच्या स्टँडवर आईनं खिडकीतून बॅग टाकून माझी जागा धरली आणि म्हणाली, "मागं बघू नको बाई, पाय जड होतो." मी बघितलंच. आईच्या मागं रसवंतीच्या शेडखाली तो उभा होता. त्यानं हात हलवला नाही, हसलाही नाही, बस निघेपर्यंत नुसता उभा राहिला.

कन्नडच्या कॉलेजात वर्षभर तो मला दिसत होता. लायब्ररीतून निघाले की समोर, बसमध्ये मागच्या सीटवर. एक शब्द बोलला नाही. मैत्रीण म्हणायची, "पण त्यानं केलंय काय?" काहीच नाही, तीच तर पंचाईत. घरी सांगितलं असतं तर तो राहिला असता बाजूला आणि घरात बसले असते मी. म्हणून संभाजीनगरात नोकरी लागली एवढंच सांगितलं. नोकरी खरी होती, निघण्याचं कारण खोटं. तुमच्यातल्याही काही जणी अशाच निघाल्या असतील.

औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागले आणि मागच्या गल्लीत खोली घेतली. दोन महिने गर्दीत सुखात होते. मग एका दुपारी जेवायला आले, तर दाराखालून आत सरकवलेला लग्नपत्रिकेचा लिफाफा. वर माझं नाव, गल्ली, अगदी 'जिन्यानं वर, डावीकडचं दार' इतपत पत्ता. अक्षर आईचं. आई अंगणवाडीत शिकवते, तिचं गोल अक्षर मी कुठंही ओळखीन. आधी मला बरंच वाटलं. लिफाफा उघडला तर आत काहीच नव्हतं.

फोनवर आई खुशीत होती. "व्हय, आला होता पोरगा. बहिणीचं लगीन आहे म्हणला, पत्रिका तुझ्याच हातात द्यायचीय. लई सभ्य. काकू, पत्ता तुम्हीच लिहा म्हणला, चूक नको."

आमच्याकडं पत्रिका घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. आईनं त्याला चहाही पाजला होता. मग मी सगळं सांगितलं.

पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी त्याला बोलावून समज दिली. त्यानंतर तो दिसला नाही. मी खोली बदलली. पण तो गेला तरी त्याचं असणं जाईना. कडी लावली की पुन्हा उठून बघायचं, पुन्हा बघायचं. जिन्यावर पाऊल वाजलं की श्वास धरायचा. दुकानात मांडलेल्या चष्म्यांच्या काचांत मला मागचं दार दिसतं, शंभर छोटी दारं, आणि प्रत्येकात कुणीतरी आत्ताच आत येऊन थांबल्यासारखं वाटतं. वळून बघते तर साधं गिऱ्हाईक. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू वेडी नाहीस. धोका टळलाय हे तुझ्या शरीराला अजून कळायचंय." गोळ्या थोड्या आहेत, बोलणं जास्त. झोप आता बरी लागते.

आईवर मात्र मी चिडलेली होते. तिची चूक नाही हे कळत होतं, तरी चिडले होते. नवा पत्ता तिला दिला नाही. आठ महिने ती महिन्यातून एकदा यायची, स्टँडवरच्या बाकावर माझ्यासोबत भाकरी खायची आणि परतीची बस धरायची. कुठं राहतेस, असं एकदाही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मीच म्हणाले, "चल."

"नको. पत्ता मला कळायलाच नको. माझ्या तोंडातून निघून जाईल."

तरी मी तिला ओढून रिक्षात बसवलं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि डोळे गच्च मिटले. रिक्षा कुठं वळली, कुठं थांबली, काही बघितलं नाही. माझा हात धरून आंधळ्यासारखी जिना चढली. मी कडी लावली, एकदाच.

"आलं का घर?" तिनं विचारलं, डोळे मिटूनच.

तोवर मी त्या जागेला खोलीच म्हणत होते.

"आलं," मी म्हणाले. "उघड आता डोळे."