फळ्यावरची एस.टी.

मैत्रिणींनो, सरावपाठ घेऊन आत्ताच वसतिगृहात आले आणि चहासुद्धा न घेता हे आपल्या भित्तिपत्रकावर लावते आहे.

गांधीबागेतल्या शाळेत चौथीच्या मुलींना आज एकही शब्द न लिहिता चित्रातून गोष्ट सांगायला शिकवायचं होतं. मागच्या बाकावर आपल्या निरीक्षक बाई गुण द्यायला बसल्या होत्या.

मी फळ्यावर पिशवी घेऊन धावणारा माणूस काढला आणि त्याच्यापुढे भली मोठी एस.टी. काढली. विचारलं, "काय झालं?"

"बस भेटली त्याले," सगळ्या म्हणाल्या.

मला तर बस चुकलेली दाखवायची होती. मग मी एस.टी. पुसली आणि फळ्याच्या कोपऱ्यात, लांब, इवलीशी काढली.

"गेली ना बाई," एक जण हळूच म्हणाली.

तेवढ्यात आठवडाभर तोंड न उघडलेली कुसुम उठली. माझ्या हातातला खडू घेऊन तिनं त्या इवल्या बसच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात काढला.

"कंडक्टरनं पाह्यलं त्याले," ती म्हणाली.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मागे बाईही हसत होत्या.

घंटा झाली. जाताना फळा पुसायचा, त्याचेही गुण असतात. मी डस्टर उचललं, तशी कुसुम म्हणाली, "थांबा बाई, त्याले चढू द्या."

मी डस्टर खाली ठेवलं. खरं सांगा, तुम्ही पुसला असता का?