शेवटच्या बाकावरची झोप

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साली नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं आणि शिस्त राखायचं काम माझ्याकडे होतं. कचेरीच्या काळज्यांनी माझी रात्रीची झोप उडालेली, आणि शेवटच्या बाकावर एक माणूस दर रविवारी खुशाल झोपायचा. मला त्याचा भारी राग यायचा.

तो नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होता. ड्यूटी सुटली की तिथल्याच नळावर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून तो चालत यायचा. उपदेश सुरू झाला की त्याची मान खाली जायची. प्रार्थनेला मात्र आपसूक जागा व्हायचा आणि दुखरे गुडघे फरशीवर टेकायचा. आम्ही बाकीचे बाकावर बसूनच डोळे मिटायचो.

एकदा उपासना संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "झोपायचंच असेल तर घरी झोपत जा. देवाच्या घरात हे शोभत नाही."

तो उठून उभा राहिला. रागावला नाही, लाजलाही नाही.

"घरी झोप नाय लागत साहेब. जरा कुठं काय वाजलं की उठून बसतो. आठवडाभर मी लोकांची दारं राखतो. इथं राखणारा दुसरा हाय."

आपल्याला राखणारा देव डुलकीसुद्धा घेत नाही, हे स्तोत्र मी तिथं कितीदा खणखणीत आवाजात वाचलं असेल. ते खरं मानून झोपलेला माणूस मात्र मी तो एकच पाहिला.