डॅशबोर्डवरचा लाल दिवा आणि सासूबाई

त्या दिवशी सकाळी कामतघरला आमच्या दारात गाडी विकायची बोलणी चालू होती… आणि मी आत चहा टाकत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

गाडी आमच्या ह्यांची. जुनीच घेतलेली, भाड्याने फिरवायचे. आधी हे पॉवरलूमवर होते, पण कापसाच्या धुळीने दम लागायचा. गाडी आली आणि माणूस मोकळा श्वास घ्यायला लागला.

मग ह्यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. आणि त्याच्या थोडं आधीपासून गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलेला… तो जाईचना.

किल्ली फिरवली की हा दिवा लागतो, ते बरोबरच. पण इंजिन सुरू झाल्यावर तो विझायला हवा. आमचा विझत नव्हता. ऑइल बदललं, तरी तसाच. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिनाला तेलच पोचत नाही. इंजिन खोलावं लागेल."

थोरले दीर घाबरले. माणूस वाईट नव्हता, सगळ्या घराचा भार एकट्यावर आला होता. त्यांनी वळ गावचं एक गिऱ्हाईक आणलं. गाडी जाणार आणि बरे झाल्यावर हे परत लूमवर जाणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दिरांनी इंजिन सुरू करून दाखवलं होतं. मी तिथेच थबकले. माझे बाबा कल्याणला गाड्या दुरुस्त करायचे, त्यांच्या गॅरेजमध्ये माझं अर्धं बालपण गेलेलं. तेल मिळत नसेल तर इंजिन खडखडतं. हे तर शिलाई मशीनसारखं चाललं होतं…

"भाऊजी, इंजिन चांगलं आहे. मला एकदा बघू द्या."

"सुमन, मेकॅनिकने बघितलंय. तू काय बघणार?"

दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बघू दे की तिला. बघून काय गाडी झिजणार हाय?"

मी पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. पण एक अडचण होती. हात इंजिनात, आणि दिवा आत डॅशबोर्डवर. कोणीतरी दिव्यावर नजर ठेवायला हवी होती. दीर रुसून बाजूला उभे. सासूबाई उठल्या, नऊवारी सावरली आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या… आयुष्यात पहिल्यांदा!

इंजिन बंद करून मी किल्ली नुसती फिरवून ठेवली. मग इंजिनावरच्या, तेल कमी पडलं की दिवा लावणाऱ्या ऑइलच्या स्विचची तार काढली. स्विच आणि दिवा ह्यांना जोडणारी ही एकच तार. ती काढल्यावर दिवा विझायलाच हवा.

"आई, गेला का दिवा?"

"न्हाय गो. हाय तसाच हाय."

मला हसूच फुटलं. स्विचला तार जोडलेलीच नाही, तरी दिवा चालू… म्हणजे तेलाचा काही संबंधच नाही! ती तार मधेच कुठेतरी गाडीच्या पत्र्याला चिकटत होती आणि त्यानेच दिवा पेटत होता, बस्स.

तोवर शिफ्ट सुटलेले कामगार जमले होते. एक जण म्हणाला, "भाभी, इंजन गया है." मी म्हटलं, "रुको जरा." आणि तार बोटांनी चाचपत, थोडी थोडी हलवत मागे सरकत गेले.

"हाय…" सासूबाई आतून ओरडत होत्या. "हाय… अजून हाय… न्हाय! गेला गो, गेला! …आला परत."

सापडलं! इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून तार आत जाते, तिथला रबर झिजून पडला होता. पत्र्याच्या कडेवर घासून तार उघडी पडलेली. मी चिकटपट्टी गुंडाळली, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि तार परत स्विचला जोडली.

सासूबाईंना बाजूला सरकवून मी किल्ली फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू केलं… दिवा विझला. इंजिन बंद, दिवा चालू. परत सुरू, परत विझला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

वळचं गिऱ्हाईक खूश. "आता तर घेतोच," म्हणाले. दीर विचारात पडले. "गाडी बरी झाली, पण चालवणारा अंथरुणात. उभी ठेवून काय करायची?"



सासूबाई काही खाली उतरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ही चालवंल. लग्नाच्या बोलणीत हिचा बाप सांगत व्हता, पोरीला गाडी येते, लायसन हाय. मी आयकलं व्हतं."

खरं सांगते, तारेबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, पण हे मात्र मी मागायलाही धजले नसते. दिरांनी आत भावाकडे पाहिलं. अंथरुणावरून हे एवढंच म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी चालवते."

वळच्या पाहुण्यांनी टोपी नीट केली. "मग मला घरी तरी सोडा," म्हणाले. तेच माझं पहिलं भाडं! बिचारे सुरुवातीला दाराची कडी घट्ट धरून बसले होते… वळ येईपर्यंत मागे रेलून घोरत होते.

हे बरे होईपर्यंत मी गाडी चालवली. बाळंतपणाला निघालेल्या बायका खास मलाच बोलवायच्या. ह्यांनी परत लूमचं तोंड पाहिलं नाही.

पुढे लोक सासूबाईंचं कौतुक करायचे, त्या काळात तुम्ही सुनेला गाडी चालवू दिलीत म्हणून. त्यांना ते कौतुक कधी कळलंच नाही.

"मी काय दिलं?" त्या म्हणायच्या. "तिला येतच व्हती."