शेवग्यावरचा हरणटोळ

वादिराज तंजावूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो. हरणटोळ हा हिरवा साप फांदीसारखा निश्चल पडून राहतो, वारा आला की वेलीसारखा डुलतो, सरडे-बेडूक खातो, आणि लोक काहीही म्हणोत, माणसाचे डोळे मुळीच फोडत नाही, हे तो दरवर्षी नववीच्या वर्गाला टेबल आपटून सांगतो. तोच वादिराज शनिवारी भर दुपारी कालव्याकाठच्या बागेत हेल्मेट घालून, त्याची काच खाली ओढून उभा होता.

कारण सांबार. बायकोला, लक्ष्मीप्रियेला, तिरुचीत नोकरी लागली होती; सोमवारी रुजू व्हायचे होते. सवय व्हावी म्हणून स्वयंपाक आठवडाभर आधीच वादिराजकडे आला आणि त्याचे वडील, रंगराव, रोज दोन घासांत ताटावरून उठू लागले.

"अप्पा उपाशी राहणार असतील तर मी नाही जात," लक्ष्मीप्रिया म्हणाली. रविवारच्या जेवणावर सगळे ठरायचे होते.

शेजारच्या वेंकूबाईंनी उपाय सांगितला. "पच्चै पाम्बु रे, हिरवा साप. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा हातातून ओढायचा. हाताला चव येते. मी दहा वर्षांची असताना ओढला होता. माझं सांबार खाल्लंयस की."

खाल्ले होते. तिथेच शास्त्र हरले.

कालव्याकाठच्या बागेतल्या बाईंच्या शेवग्यावर साप होता खरा. बोटाहून बारीक, टोकदार तोंडाचा, वाऱ्याबरोबर डुलणारा. वादिराजने एकवार पाहिले आणि डोळे गच्च मिटले. डोळ्यांवर पापण्या, पापण्यांवर काच; इतकी काळजी त्याने लग्नातही घेतली नव्हती. हात पुढे करून जे हाती आले ते वरून खाली ओढले. गार, कडक, उभ्या शिरांचे. हा कणा असावा, असे त्याच्यातला मास्तर म्हणाला. तेवढ्यात कट्कन आवाज झाला आणि साप तुटून हातात आला.

डोळे उघडले तर शेवग्याची शेंग. साप वीतभर पलीकडे तसाच डुलत होता.

पुन्हा हात घालायची छाती नव्हती. शेंग मात्र त्याने घरी आणली आणि रविवारी सांबारात घातली.

रंगरावांनी दोन घास घेतले आणि थांबले. "वेंकू सांगत होती, साप ओढलास म्हणे. कसा लागला हाताला?"

दारापाशी लक्ष्मीप्रियेची अर्धी भरलेली बॅग होती. हो म्हटले की काम झाले असते.

"साप नव्हता, अप्पा. शेंग होती. साप समजून ओढली. हेल्मेट घालून."

रंगराव इतके हसले की ठसका लागला. मग ताटातली शेंग उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली. "हीच का ती?"

"हीच."

"वाढ मग आणखी. एवढा जीव मुठीत धरून आणलेली भाजी टाकवत नाही. मीठ कमीच आहे पण."

लक्ष्मीप्रिया उठली आणि उरलेल्या साड्या बॅगेत भरू लागली.

ती आता दर सोमवारी सकाळच्या बसने तिरुचीला जाते आणि शनिवारी परतते. रंगराव रोज पानावर बसतात, पहिला घास घेतात आणि विचारतात, "मास्तर, आज काय ओढलंत?"