नानांना लागलेली माझी केसगळती

माझ्यामुळे माझ्या सासऱ्यांचे केस गळाले, तेव्हा ते अजून माझे सासरे झालेही नव्हते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अंबरनाथ पश्चिमेला आईबरोबर राहत होतो आणि एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होतो. बदलापूरला शिरगावातल्या शुभदाशी माझं लग्न ठरलं होतं, साखरपुडा व्हायचा होता. शुभदा बी.एस्सी. होती, शाळेत विज्ञान शिकवायची. पसंतीसाठी तिच्याकडे माझा जो फोटो गेला होता तो जरा जुना होता. म्हणजे माणूस तोच, पण फोटोत कपाळ भुवयांच्या वर थोडं जाऊन थांबत होतं आणि प्रत्यक्षात ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

कारखान्यातल्या एकाने उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका स्किनच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली जीन्सच्या पँट शिवायचा कारखाना. दहा-बारा मशिनी एकदम सुरू झाल्या की वरचं टेबल थरथरायचं. डॉक्टर वयस्कर सिंधी गृहस्थ, बोलायला फार गोड. आणि डोक्यावर एक केस नाही. (आता मला सांगा, केसांसाठी ज्याच्याकडे गेलो त्याच्याच डोक्यावर खिडकीचं प्रतिबिंब दिसत असेल, तर माणूस बोलण्याकडे लक्ष देईल की प्रतिबिंबाकडे?) डॉक्टर समजावून सांगत होते, मी मान डोलावत होतो, खालून मशिनी खडखडत होत्या. शेवटी एवढंच स्पष्ट ऐकू आलं, "घबराना नहीं, साईं."

मी म्हटलं, "बिलकुल नहीं."

त्यांनी टाळूला लावायचं एक पाण्यासारखं औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ लावायला लागलो. आईला सांगितलं नाही. लग्न ठरलेल्या मुलाने केसांवर औषध लावणं म्हणजे विकलेल्या गाडीला मागाहून रंग देण्यासारखं आहे, असं ती म्हणाली असती.

औषध सुरू करून आठवडाही झाला नसेल, तेवढ्यात रविवारी शिरगावला जेवायचं बोलावणं आलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं, म्हणून बाटली पिशवीत घातली. तिथे पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढायला गेलो आणि बॉक्सबरोबर बाटलीही बाहेर आली, घरंगळत थेट शुभदाच्या वडिलांच्या पायाशी. त्यांना घरात सगळे नाना म्हणत. नानांनी बाटली उचलली, लेबल वाचलं, शांतपणे खिशात टाकली आणि म्हणाले, "या विलासराव, तुम्हाला मागची बाग दाखवतो."

मागे बाग म्हणजे एक कढीपत्ता होता. त्याच्याआड उभं राहून नानांनी हळूच विचारलं, "गुण येतो का हो?"

नानांच्या डोक्याची रचना सांगायला हवी. डाव्या कानावरचे केस त्यांनी भरपूर वाढवले होते आणि ते टाळूवरून नेऊन उजव्या कानापाशी पोचवले होते. वारा आला की ते सगळे झाकणासारखे उघडायचे. असा माणूस आशेने बघत असताना "मला माहीत नाही, मीच आत्ता सुरू केलंय" असं सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नव्हतं. आणि होणारे सासरे आपल्याला काहीतरी विचारतायत याची नाही म्हटलं तरी ऐट वाटते.

"एकदम रिझल्ट आहे," मी म्हणालो. "दोन वेळा लावा. आणि घाबरायचं नाही."

"घाबरायचं कशाला?"

"ते डॉक्टर म्हणतात तसं," मी म्हणालो.

नानांनी आत जाऊन अर्धं औषध स्वतःसाठी काढून घेतलं आणि बाटली मला परत दिली. दोघांनीही घरात बोलायचं नाही असं ठरलं.

मग माझे केस गळायला लागले. पहिल्यांदा कंगव्यात, मग उशीवर, मग टॉवेलवर. आधीही गळायचे, पण आता ते ठरवून निघाल्यासारखे गळत होते. एका सकाळी आईने आमटीतून एक केस ओढून काढला आणि प्रकाशात धरून बघितला.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझा लांब असतो."

घरात आम्ही दोघंच. त्यामुळे तपास फार चालला नाही.

आईने आधी बोअरिंगच्या पाण्याला दोष दिला. मग कारखान्यातल्या रंगाला. मग तिने माझी दृष्ट काढली आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिला खात्रीच पटली. मी औषध आणखी नेमाने लावू लागलो. केस जातायत म्हणजे औषध कमी पडतंय, असा माझा हिशोब. मनात भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला नवलही वाटत होतं. इतके केस आपल्याकडे होते, हेच मला आधी माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला शिरगावला गेलो तर नानांनी मला दारातूनच कढीपत्त्याकडे नेलं. डाव्या कानावरची सगळी गुंतवणूक निम्म्यावर आली होती. झाकणाला भोकं पडली होती.

"विलासराव," ते म्हणाले, "रिझल्ट उलटा येतोय का हो?"

मी टोपी काढून त्यांना माझं डोकं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हीसुद्धा?" त्या आवाजात इतकी माया होती की मला भरून आलं.

औषधाचं कुणाला माहीत नव्हतं, पण दोन डोकी सगळ्यांना दिसत होती. त्या दिवशी जेवायला शुभदाची आत्या आली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांकडे बघितलं आणि घास हातातच ठेवून म्हणाली, "वहिनी, हा मुलगा मागच्या वेळी इथे येऊन गेला, तेव्हा दादाच्या कंगव्याने भांग पाडला होता का गं?"

शुभदाची आई विचारात पडली. "पाडला होता बाई."

"मग झालं तर. लागण आहे ही."

मी नानांकडे बघितलं. नाना ताटाकडे बघत होते. खरं बोलावं तर औषध बाहेर येणार. त्यांनी भात कालवला आणि अगदी सावकाश म्हणाले, "असेलही."

असेलही! माझे होणारे सासरे दोन चमचे औषधाची लाज राखायला मला साथीचा रोग ठरवून मोकळे झाले. त्यानंतर त्या घरात मला वेगळा टॉवेल आला, वेगळी उशी आली, आणि मी ज्या खुर्चीवर बसायचो तिच्या पाठीवर जुनं वर्तमानपत्र घातलं जाऊ लागलं. आत्याने तर मला नमस्कारसुद्धा लांबून करायला सांगितला.

मग आत्याने सुचवलं की साखरपुडा जरा पुढे ढकलावा, आधी मुलाचं डोकं तपासून घ्यावं. हा निरोप शुभदाच्या आईने आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर आईला दिला. आई शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये उभी राहून बोलली, त्यामुळे तो संवाद आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळांना पाठ आहे.

"आमच्या मुलाला काय खरूज झालीय?" आई म्हणाली. "टक्कल आमच्याकडे नव्हतंच कधी. तुमच्याकडे मात्र पहिल्यापासून आहे, आम्ही बघितलंय, बोललो नाही. तुमच्या घरचा कंगवा लावला आणि माझ्या मुलाचे केस गेले. तपासायचंच असेल तर तुमच्यापासून सुरुवात करा."

फोन ठेवून घरी आल्यावर ती मला म्हणाली, "नसेल करायचं तर नको म्हणावं त्यांनी." आणि पदराने डोळे पुसले. शुभदा मला मनापासून आवडली होती. केस गेले असते तरी चाललं असतं, पण केसांपायी शुभदा जाणार होती.

दुसऱ्या दिवशी शुभदाच आमच्या घरी आली. शाळेतून थेट, हातात प्रयोगशाळेतलं भिंग. आईला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "तुमचे गळलेले केस आहेत का? मला बघायचेत."

लग्न ठरलेली मुलं होणाऱ्या बायकोला गजरा देतात. मी कंगव्यातला गुंता दिला. तिने तो काळ्या कागदावर पसरला, पर्समधून एक पुडी काढली (त्यात नानांचे केस होते), ते शेजारी मांडले आणि भिंगातून बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, रागही नव्हता. नुसतं कुतूहल होतं, आणि ते माझ्या केसांबद्दल होतं म्हणून मला फार बरं वाटलं.

"बघा," ती म्हणाली. "मधे तुटलेले नाहीत. मुळापासून आलेत, दोघांचेही. टोकाला पांढरा ठिपका आहे. रोग असता तर टाळूला खाज, खपली, काहीतरी असतं. तसं काही आहे?"

"नाही."

"मग तुम्ही दोघं असं काय करताय, जे आम्ही बाकीचे करत नाही?"

मला खोटं सुचलं नाही. भिंगातून ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा एक डोळा फार मोठा दिसत होता. मी बाटली आणून पुढ्यात ठेवली. आईने कपाळावर हात मारला. शुभदा मात्र लेबल वाचत राहिली.

"नाना म्हणून दार लावून भांग पाडतात होय," ती म्हणाली. "चला, त्या डॉक्टरांना विचारून येऊ."

शनिवारी आम्ही तिघं कॅम्प दोनला गेलो. नाना सबंध रस्ताभर टोपी धरून बसले होते. डॉक्टरांनी माझं डोकं बघितलं, नानांचं बघितलं आणि खुश झाले.

"वा. गिर रहे हैं," ते म्हणाले.

"गिर रहे हैं म्हणूनच आलोय," नाना म्हणाले.

"मैंने इसको पहले दिन बोला था. शुरू में गिरेंगे. जो बाल सुस्त होके बैठा है, उसको नया बाल नीचे से धक्का देता है. थोडे हप्ते ऐसा चलता है, फिर बंद. इसीलिए तो बोला, घबराना नहीं."

शुभदाने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला हे सांगितलं होतं?"

"मशिनी चालू होत्या," मी म्हणालो.

"म्हणजे हे केस तसेही जाणारच होते?" तिने डॉक्टरांना विचारलं. "सगळे एकदम गेले म्हणून जास्त दिसले?"

"बेटी होशियार है," डॉक्टर म्हणाले. मग नानांकडे वळले. "लेकिन आपको तो मैंने दवा दिया ही नहीं. आपको किसने दिया?"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी चष्मा काढून मला विचारलं, "आप डॉक्टर कब बने, साईं?" त्या वेळी नेमक्या मशिनी बंद होत्या, त्यामुळे बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना प्रश्न नीट ऐकू गेला. त्यांनी नानांचं ब्लडप्रेशर तपासलं, चार प्रश्न विचारले आणि मग त्यांना त्यांची स्वतःची बाटली लिहून दिली.

शिरगावला परतल्यावर शुभदाने सगळं सांगून टाकलं. तिच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि नानांना विचारलं, "या वयात केस कोणासाठी हवेत हो तुम्हाला?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरीच्या लग्नात फोटो निघतील. तिच्या शेजारी बरा दिसावा बाप, एवढंच."

आत्याने उठून माझ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र काढलं. आमच्याकडे शुभदाच्या आईने स्वतः फोन केला आणि साखरपुड्याची तारीख पक्की झाली. (आईने "बघते" म्हणून मुद्दाम थोडा वेळ ताटकळवलं, पण तेवढं चालायचंच.)

डॉक्टर म्हणाले होते तशी गळती थांबली. मग माझ्या टाळूवर बारीक, मऊ लव आली. आईने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "जावळ आलंय." नानांना मात्र औषध फळलं. पुढच्या बाजूला चांगली दाट फळी उभी राहिली, त्यावर त्यांनी कलप केला आणि भांग पहिल्यांदाच स्वतःच्या जागेवर आला.

लग्नाला हॉलमध्ये फार उकडत होतं, म्हणून रिसेप्शनला मी फेटा काढून ठेवला. नाना सुटाबुटात शुभदाच्या एका बाजूला उभे, मी दुसऱ्या बाजूला. नानांच्या गावाकडचे, नजरेने अधू झालेले एक वृद्ध नातेवाईक काठी टेकत स्टेजवर आले. त्यांनी नानांच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, "सुखाचा संसार करा" म्हणून आशीर्वाद दिला, मग माझ्याकडे वळून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि गहिवरून म्हणाले, "रडू नका. पोर चांगल्या घरी पडली."