प्रल्हादभाऊंचं भेव

प्रल्हादभाऊंइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. साखरखेर्ड्याच्या पुढं, हरभरा काढून झालेल्या एका वावरात आमची पहिली भेट झाली. त्यांनी आधी माझ्या हातातलं कडं काढायला लावलं, मग बूट काढायला लावून त्यांचे तळ उलटेपालटे करून पाहिले आणि शेवटी विचारलं, "ताई, तुमाले भेव वाटते का?"

मी पुण्याहून भूभौतिकीची पदवी घेऊन आलेली, चोवीस वर्षांची, आणि कागदावर तरी सर्वेक्षणाच्या गटाची प्रमुख. "छे," मी म्हटलं.

"मंग आज मशीनपासून दूरच बसा," ते म्हणाले. "उद्या पाहू."

आमचं काम जमिनीत वीज सोडण्याचं. बुलडाण्याच्या काळ्या कातळाखाली खूप खोल जुने खडक असावेत. त्यांत तांबं आणि त्याच्या सोबतीनं सोनं आहे का, हे एका कंपनीला पाहायचं होतं. खणण्याआधी अंदाज घ्यायचा म्हणून दूर दूर दोन ठिकाणी लोखंडी सळ्या ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं आणि वायरीतून वीज सोडायची. वीज बंद केल्यावरही ती जिथं क्षणभर रेंगाळते, तिथं धातूचे कण असण्याची शक्यता. सांगायला सोपं आहे. पण ही वीज घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त दाबाची, आणि सळी उघड्या रानात. तिला हात लागला तर माणूस जागेवर जाऊ शकतो.

प्रल्हादभाऊ वडनेर भोलजीचे. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, हातात कायम बाभळीची वाळलेली काठी. अशा सर्वेक्षणांच्या वायरी ओढत त्यांनी अर्धा देश पाहिला होता. दूरच्या सळीजवळ आमचा रामकिसन वॉकीटॉकी घेऊन बसायचा. वीज सोडण्याआधी मी त्याला विचारायचे, "तयार?" तो म्हणायचा, "हाव." ते ऐकलं की प्रल्हादभाऊ माझ्या हातातून वॉकीटॉकी घेत.

"हाव म्हणू नोको बे. हाव तं झोपेतबी म्हणता येते. समोर काय दिसून राह्यलं ते सांग."

"बोरीचं झाड. त्याच्यावर होला बसेल हाये."

"सळीजवळ कोण हाये?"

"कोणी नाई."

"तू किती दूर?"

"धा पावलं."

एवढं झाल्यावर ते मान हलवत. प्रत्येक वेळी हेच. दिवसाला वीस नोंदी व्हायच्या तिथं बारा होत. मी चिडायचे. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींचा फोन आला की त्या हसत सांगत, "घरीबी असंच हाये, ताई. मिक्सर लावाच्या पह्यले मले इचारते, हात कुठी हाये तुहा?" मी हे सगळ्यांना रंगवून सांगायचे. प्रल्हादभाऊंना राग यायचा नाही. "भेव म्हंजे घरचं कुत्रं हाये, ताई," ते म्हणायचे. "भुकलं तं शिव्या देऊ नोका. उठून पाहा."

भीती गावातही होती, पण वेगळी. आम्ही सळ्या ठोकायला लागलो की माणसं बांधावर येऊन उभी राहत. जमीन जाणार का, एवढंच त्यांना विचारायचं असे, आणि ते विचारायचंही त्यांना भय वाटे. मला खरं उत्तर ठाऊक नव्हतं. मी म्हणायचे, "अजून काही ठरलेलं नाही." ते ऐकून ती माणसं बांधावरून उतरून घराकडं वळत.

मार्चमधली दुपार होती. वायर मध्ये कुठंतरी उंदरांनी कुरतडली होती. प्रल्हादभाऊ ती जोडायला निघाले. जाताना म्हणाले, "मी मांगं आल्याबिगर चालू करू नोका." अर्ध्या तासानं वायर जोडल्याची खूण यंत्रावर दिसली. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. मोजणीची ही रेषा आजच संपायला हवी, इतके दिवस काय करताय? मी फोन ठेवला, वॉकीटॉकी उचलला.

"रामकिसन, तयार?"

"हाव, हाव," आवाज आला.

मी बटण दाबलं.

तो 'हाव' माझ्यासाठी नव्हता. ज्यांच्या वावरात ती सळी होती त्या कौसल्याबाई तिथं आल्या होत्या. त्यांनी मिठाची गोणी पाहिली होती. "माह्या वावरात मीठ टाकून राह्यले! नापीक कराची हाये का जमीन?" असं ओरडत त्या सळी उपटायला निघाल्या होत्या. रामकिसन त्यांना शांत करायला "हाव मावशी, हाव" म्हणत होता. घाबरून त्यानं वॉकीटॉकी घट्ट आवळला होता आणि त्याचं बटण दाबलं गेलं होतं.

मला फक्त किंकाळी ऐकू आली. मग रामकिसन: "बंद करा! बंद करा!"

मी काहीतरी दाबलं आणि पळत सुटले. एक किलोमीटर. ढेकळांत दोनदा पडले. कोण होतं, एवढाच विचार होता. दरवेळी डोळ्यांसमोर वेगळा चेहरा यायचा आणि प्रत्येक चेहरा मेलेला दिसायचा.

कौसल्याबाई जमिनीवर बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळे सताड उघडे. अंगावर माती, पण जखम नाही. प्रल्हादभाऊ कुशीवर पडले होते. वायर जोडून ते मागं फिरलेच नव्हते. बाईंचा आवाज ऐकून तसेच पुढं धावले होते. त्यांनी बाईंना खांद्यानं ढकललं आणि तोल जाऊन त्यांचाच उजवा हात सळीवर पडला. आमचं यंत्र दोन सेकंद वीज सोडतं, दोन सेकंद थांबतं. त्या थांबण्यात त्यांचा हात सुटला होता. नाहीतर सुटला नसता.

मी त्यांच्याकडं झेपावले. "थांबा!" ते ओरडले. आवाज फाटला होता. "मशीन बंद हाये का?"

"हो."

"पाह्यलं का?"

मला आठवेना. बंद करायचं लाल बटण दाबलं होतं की दुसरंच? लांबून जनरेटरची घरघर येतच होती. सळी माझ्यापासून दोन हातांवर होती, तिच्या बुडाशी ओली माती, आणि ती ओल माझ्या बुटापर्यंत आली होती.

"मांगं सरा. काठी घ्या माही," ते म्हणाले. "वाळेल हाये. सळीवरला वायरीचा चिमटा उडवा. घाई नोका करू."

मी काठी चिमट्यावर मारली. पहिल्या वेळी चुकली, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्यांदा चिमटा सुटून मातीत पडला. मग मी तिथंच बसले आणि मोठ्यानं रडले.

मेहकरच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं वाचवता आली नाहीत. कार्यालयातून विचारणा झाली तेव्हा मी त्यांच्या खाटेशी बसले होते. यंत्रात बिघाड झाला असं लिहिता येईल, असं कुणीतरी सुचवलं होतं. मी ते त्यांना सांगितलं.

"एकदा मीबी हाव म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "दूर, दुसऱ्या मुलखात. सायबाले घाई व्हती. माहा जोडीदार वायर धरून बसला व्हता, मी पाह्यलं नाई. तो गेला. सायबानं लिवलं, मशीन खराब व्हती. मशीन बदलली. मले कोणी काही इचारलं नाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी खरं लिवा, ताई. नाई तं हे तुमाले लय वर्सं खाईन."

मी खरं लिहिलं. माझ्याकडून यंत्र काढून घेतलं गेलं, ते योग्यच होतं. त्या पट्ट्यात कंपनीला हवं तसं काही मिळालंही नाही. पंधरा दिवसांनी प्रल्हादभाऊ स्वतःहून आले, हाताला पट्टी तशीच. म्हणाले, "चाला, कौसल्याबाईकडं जाऊन येऊ."

बाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी मिरची खाली ठेवली नाही.

"तू शिकेल हायस, बाई," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी मेली असती तं तुह्या कागदावर माहं नाव तरी लिवलं असतं का?"

मला त्यांचं नाव त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा एकच तांब्या घेऊन आल्या. तो प्रल्हादभाऊंच्या डाव्या हातात दिला. मग पुन्हा मिरच्यांपाशी बसल्या.

फाट्यावर बसची वाट पाहताना ते म्हणाले, "तुमाले पाणी नाई देल्लं."

"नाही."

"बरं झालं. देल्लं असतं तं तुमी मोकळ्या झाल्या असत्या."

मेहकरची बस आली. डाव्या हातानं दांडा धरून ते चढले, आणि पुन्हा कधी कामावर आले नाहीत. बस वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते. तहान लागली होती. पलीकडं रसवंतीचे घुंगरू वाजत होते, पण तिकडं जायला पाय उचलेना.